शंभर पेशी मोजताना

सांगलीतल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी ३२ वर्षे रक्ताच्या स्लाइड पाहिल्या. काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, तो वाळला की लेशमन स्टेन घालायचा, धुऊन पुन्हा वाळवायचा आणि वर तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाच्या शंभराच्या भिंगाखाली पांढऱ्या पेशी मोजायच्या, हा दिवसभराचा उद्योग. हाताशी कळांचे मोजणीयंत्र असे. न्यूट्रोफिल दिसली की एक कळ, लिम्फोसाइट दिसली की दुसरी, मोनोसाइट आणि इओसिनोफिल यांच्या वेगळ्या, आणि शंभर पेशी भरल्या की घंटी वाजे. पुढे मोठी यंत्रे आली आणि मिनिटभरात हजारो पेशी मोजू लागली, तरी शंका असलेले रक्त अखेर काचेवरच येई.

या पेशींची नावे, रूपे आणि टक्के मला तोंडपाठ होते. त्या किती जगतात, कोठे राहतात आणि संपल्या तर परत कधी येतात, हे मात्र मी शिकतानाच वाचून विसरून गेलो होतो, कारण रिपोर्ट लिहिताना त्याची गरज कधी पडली नाही. ती गरज जून २०२२ मध्ये पडली. धाकट्या बहिणीच्या मुलीला, वयाच्या १९ व्या वर्षी, अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि पुढची अडीच वर्षे, कधी मुंबईतल्या रुग्णालयाच्या खाटेवरून तर कधी जवळच घेतलेल्या भाड्याच्या खोलीतून, तिने मला एकच प्रश्न विचारला: "मामा, आज काउंट किती?"

त्या आकड्यात काय असते आणि काय नसते, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

निदानाच्या दिवशी तिच्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरला ६८,००० होत्या. निरोगी माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. डॉक्टरांनी तिला वेगळ्या खोलीत ठेवायला सांगितले तेव्हा दाजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "पांढऱ्या पेशी एवढ्या वाढल्या असतील तर प्रतिकारशक्ती उलट वाढायला हवी ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर एकूण आकड्यात नसून पेशींच्या वाटणीत होते. तिच्या स्लाइडवरच्या शंभर पेशींपैकी ९१ ब्लास्ट होत्या, म्हणजे वाढ अर्ध्यावर थांबलेल्या आणि तरीही दुप्पट होत राहणाऱ्या कर्करोगाच्या पेशी. ७ लिम्फोसाइट, १ मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल अवघी १. अडुसष्ट हजारांत शंभराला एक म्हणजे ६८०. जिवाणू आणि बुरशी यांच्याविरुद्ध सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पेशी एवढ्याच शिल्लक होत्या. केमोथेरपीचा एक थेंबही शरीरात गेलेला नसताना ही अवस्था होती, कारण अस्थिमज्जेतली, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त घडवणाऱ्या भागातली, जागा ब्लास्टनी व्यापली होती आणि चांगल्या पेशी घडायला वावच उरला नव्हता. केमोने प्रतिकारशक्ती जाते असे आपण सरसकट म्हणतो. रक्ताच्या कर्करोगात ती आधीच बरीच गेलेली असते आणि ती परत यावी म्हणून जे औषध द्यायचे, तेच उरलीसुरली काही काळ काढून घेते.

हा जो ६८० चा आकडा, त्याला वॉर्डात सगळे एएनसी, म्हणजे अॅब्सोल्यूट न्यूट्रोफिल काउंट, म्हणतात. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्याने गुणून शंभराने भागायचे, इतका सोपा हिशेब. रुग्ण मुलांच्या, पाचवी शिकलेल्या आया तो मोबाइलवर माझ्याआधी करतात, हे मी पाहिले आहे. दीड हजारांच्या खाली गेला तर कमी, पाचशेच्या खाली गेला तर गंभीर. या पायऱ्या कोणी मनाने ठरवलेल्या नाहीत. अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले की न्यूट्रोफिल हजाराच्या खाली गेल्या की जंतुसंसर्ग वाढू लागतात, पाचशेच्या खाली अधिक वाढतात आणि शंभराच्या खाली सर्वांत जास्त होतात. शिवाय आकडा किती खाली गेला याइतकेच तो किती दिवस खाली राहिला यालाही महत्त्व असते. हा दुसरा भाग लोक विसरतात. दोन दिवसांसाठी १०० झालेला एएनसी आणि तीन आठवडे १०० राहिलेला एएनसी या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

केमो नेमके काय करते हे समजावून सांगताना बहुतेक जण सैन्याची उपमा देतात: औषधाने शत्रूबरोबर आपले सैनिकही मारले. मला ही उपमा आवडत नाही, कारण ती चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. केमोची बहुतेक औषधे विभाजन होत असलेल्या पेशीला गाठतात. रक्तात फिरणारी पूर्ण वाढ झालेली न्यूट्रोफिल विभाजित होत नाही, त्यामुळे ती औषधाने सहसा मरत नाही. ती आपल्या आयुष्याने मरते, आणि तिचे आयुष्यच मुळात फार थोडे असते. रक्तात काही तास किंवा दिवस, मग ऊतीत शिरून शेवट. म्हणून निरोगी माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल घडवत असते. केमो घाव घालते तो या घडणीवर. मंडईतल्या पालेभाजीसारखा हा व्यवहार आहे: गाळ्यावरची मेथी कोणी लुटत नाही, पण गावाकडून येणारी गाडी बंद झाली की दोन दिवसांत गाळा रिकामा होतो. लाल पेशी या कणगीतल्या ज्वारीसारख्या, १२० दिवस टिकणाऱ्या. प्लेटलेट मधल्या, आठ-दहा दिवसांच्या. म्हणूनच केमोनंतर आधी न्यूट्रोफिल पडतात, त्यांच्या मागोमाग प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन सावकाश उतरते.

मग केमो दिल्यावर दुसऱ्याच दिवशी काउंट का पडत नाहीत? कारण अस्थिमज्जेत तयार न्यूट्रोफिलचा पाच-सहा दिवस पुरेल इतका साठा असतो. तो संपेपर्यंत रक्तातला आकडा बरा दिसतो, नंतर घसरतो, आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातो. या काळात माणूस वरवर ठणठणीत असतो, उलट्या थांबलेल्या असतात, जेवण जाऊ लागलेले असते, आणि नातेवाईक भेटायला येतात ते नेमके तेव्हाच. सगळ्यांत खोल असलेल्या मूळपेशी मात्र बहुतांश काळ निद्रिस्त असतात, विभाजन करत नाहीत, म्हणून या औषधांच्या तावडीतून सुटतात, आणि त्यांच्यातूनच पुढे सगळे पुन्हा उगवते.

या विभाजन रोखण्याच्या कल्पनेचा एक धागा परळमधून जातो, म्हणून थोडे विषयांतर करतो. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणी कामगारांच्या कुटुंबांतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका विशिष्ट पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या मार्माइटने, बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला कामाचा घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय ज्यांच्या स्मरणार्थ पुढे उभे राहिले त्या मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने वारल्या तेही १९३१ सालीच. तेव्हा या आजारावर धड उपचार नव्हता. पुढे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना असे वाटले की फॉलिक अॅसिड दिल्याने मुलांचा ल्युकेमिया उलट बळावतो आहे, आणि पेशी वाढायला जे लागते तेच अडवले तर काय होईल, असा विचार त्यांनी केला. त्यासाठी लागणारी फॉलिक अॅसिडची विरोधी रसायने लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तयार केली. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० जणांना तात्पुरता गुण आला होता. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही माझ्या भाचीच्या उपचारात होते. ते पेशीला डीएनए घडवण्याचा कच्चा माल मिळू देत नाही. ब्लास्टला जसा तो मिळत नाही, तसाच अस्थिमज्जेतल्या न्यूट्रोफिलच्या पूर्वज पेशींना, आतड्याच्या अस्तराला आणि केसांच्या मुळांनाही मिळत नाही.

आतड्याचे अस्तर हा भाग विशेष सांगण्यासारखा आहे. तोंड आल्यावर सगळ्यांना दिसते, आतडे आल्यावर कोणाला दिसत नाही. पण अस्तर विरळ झाले की आपल्याच पोटात एरवी निमूट नांदणारे जंतू रक्तात उतरतात आणि त्यांना अडवणारी न्यूट्रोफिल नेमकी त्याच आठवड्यात गैरहजर असते. बहिणीने खोलीतली प्रत्येक वस्तू डेटॉलने पुसली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच अडवले, आणि तिने ते करायलाच हवे होते. तरीही या रुग्णांचे कित्येक संसर्ग बाहेरून येत नाहीत, आपल्याच शरीरातून उठतात.

सगळी औषधे सारखी नसतात. पहिल्या पाच आठवड्यांत तिला दर आठवड्याला दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन हे आपल्या दारातल्या सदाफुलीपासून मिळते. ते नसांना त्रास देते, तिचे पाय बधिर झाले, पण अस्थिमज्जेला त्या मानाने सांभाळून घेते. डॉनोरुबिसिन तसे नाही, ते काउंट झोपवते. स्टिरॉइडची तऱ्हा तर अगदीच निराळी, आणि तिथेच मी फसलो.

उपचाराच्या सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा जोराची केमो सुरू झाली तेव्हा तिला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊ लागले. त्याआधी एएनसी २,१०० होता. तीन दिवसांनी ६,८०० झाला. मी ३२ वर्षांचा अनुभवी माणूस, बहिणीला फोन करून म्हणालो, "काळजीचे काही नाही, आता मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, जोरात आहे." दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मी डॉक्टरांसमोर उच्चारले. त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी सांगितले की रक्तवाहिन्यांतल्या जवळजवळ निम्म्या न्यूट्रोफिल भिंतीला चिकटून बसलेल्या असतात आणि सुईने काढलेल्या रक्तात येतच नाहीत. स्टिरॉइड त्यांना भिंतीपासून सोडवते, अस्थिमज्जेतला साठाही बाहेर ढकलते, आणि आकडा फुगतो. एवढेच नव्हे, तर भिंतीला चिकटणे ही न्यूट्रोफिलची ऊतीत शिरण्याची पहिली पायरी असल्यामुळे संख्या वाढलेली असतानाच त्यांची कामगिरी घटलेली असते. त्याच वेळी स्टिरॉइड लिम्फोसाइटना थेट मारते. ल्युकेमियाच्या ब्लास्ट या लिम्फोसाइटच्याच जातीच्या असल्याने ते औषध म्हणून चालते ते याच गुणावर. आणि वर ते ताप झाकते. म्हणजे रिपोर्टवर सर्वांत सुंदर आकडा होता त्या दिवशी ती सर्वांत सुरक्षित होती असे मुळीच नव्हते. दीड आठवड्याने एएनसी १४० वर आला.

त्यानंतरच्या टप्प्यात सायक्लोफॉस्फामाइड आणि सायटाराबिन होते आणि तिथे काउंट खरोखरच तळाला गेले. एका रात्री दीड वाजता तिने मला उठवले. ताप १०१. बहिणीचा हात सवयीने पॅरासिटॅमॉलच्या पट्टीकडे गेला आणि मुलीनेच तो धरला: "आई, गोळी नाही. आधी हॉस्पिटल." हे तिला नर्सनी पहिल्या आठवड्यापासून घोकून घेतलेले होते. एरवी ताप आला तर आपण घसा पाहतो, कफाचा रंग पाहतो, कोठे पिकले आहे का ते पाहतो. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलच. त्याच नसतील तर गळू पिकत नाही, घसा लाल होत नाही, न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. उरते ते एकच लक्षण, ताप, आणि गोळी घेऊन आपण तेही पुसून टाकतो. म्हणून अशा रुग्णाला ताप आला की कारण सापडण्याची वाट न पाहता, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. आम्ही वीस मिनिटांत पोहोचलो. एकूण पांढऱ्या पेशी ४००, न्यूट्रोफिल १० टक्के, म्हणजे एएनसी ४०. घसा, छाती, दंडातून शिरेत घातलेल्या पिक लाइन या नळीची जागा, सगळे निर्दोष. दोन दिवसांनी कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जिवाणू आला, आतड्यातला जुना रहिवासी.

सकाळी मी तिथल्या लॅबमध्ये जाऊन उभा राहिलो. सवय जात नाही. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने मी कोण ते ऐकून मला तिची स्लाइड पाहू दिली. लाल पेशींच्या त्या विस्तीर्ण गुलाबी माळावर एकेक शेत ओलांडत जावे तसा मी भिंग सरकवत गेलो आणि एकेका पांढऱ्या पेशीसाठी थांबावे लागले. त्याने बफी कोट काढून, म्हणजे रक्त फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करून, दुसरी स्लाइड केली होती. तिच्यावरही त्याने ५० पेशींवर मोजणी थांबवून तशी टीप लिहिली होती. शंभराची घंटी वाजण्याइतक्या पेशीच नव्हत्या.

पुढे जे झाले त्याने घरातले सगळे जास्त घाबरले. नवव्या दिवशी ताप उतरलेला, एएनसी ७०० वर आलेला, आणि नेमका त्याच दिवशी तिला खोकला सुरू झाला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा ठिपका उमटला. दाजी म्हणाले, "काउंट वाढले आणि आजारही वाढला, हे कसे?" डॉक्टरांच्या मते ती वाढ आजाराची नव्हती. जखम तिथे आधीपासून असावी. न्यूट्रोफिल परत आल्या, तिथे पोहोचल्या, काम करू लागल्या आणि त्या कामाची सूज आता एक्स-रेत दिसत होती. काउंट परत येत असताना फुप्फुसातली सावली वाढलेली दिसणे ही डॉक्टरांना परिचित गोष्ट आहे, तरी त्यांनी सीटी स्कॅन करून बुरशी नाही याची खात्री करून घेतली. काउंट परत येणार याची चाहूल मला दोन दिवस आधी लागली होती, कारण मोनोसाइटची टक्केवारी अचानक ३० वर गेली होती; मोनोसाइट बहुधा न्यूट्रोफिलच्या आधी उगवतात. माझी जुनी विद्या कामी आली ती एवढीच.

जी-सीएसएफच्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात: १९९१ पासून वापरात असलेले हे औषध अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल घडवण्याचा हुकूम देते, तळाचे दिवस कमी करते, आणि मज्जा भरभरून काम करू लागल्याने कंबर व मांड्यांची हाडे ठणकतात. ते केवळ न्यूट्रोफिल वाढवते. लिम्फोसाइटचा त्याच्याशी संबंध नाही, आणि मला सांगायचे आहे ते खरे तर लिम्फोसाइटबद्दल.

वॉर्डातला सगळा संवाद एएनसीभोवती फिरतो. तो हजारावर गेला की घरी सोडतात, पेढे वाटले जातात, आणि नातेवाइकांच्या मनात प्रतिकारशक्ती परत आली अशी नोंद होते. पण न्यूट्रोफिलचे घड्याळ दिवसांचे असते, लिम्फोसाइटचे महिन्यांचे. लिम्फोसाइटच्या पोटजातींतही पुन्हा घड्याळे वेगळी. एनके (नॅचरल किलर) पेशी लवकर परततात. बी पेशी, ज्यांच्यापासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात, उपचारात जवळजवळ नाहीशा होतात आणि उपचार पूर्ण संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात संख्येने भरून येतात. परंतु या नव्या पेशी नवशिक्या असतात, लहानपणी झालेल्या कांजिण्या किंवा घेतलेल्या लसी त्यांनी पाहिलेल्या नसतात. जुनी आठवण ज्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींत असते त्या विभाजित होत नाहीत, म्हणून काही अंशी तगतात, तरी कित्येक रुग्णांत गोवर किंवा हिपॅटायटिस-बी यांविरुद्धची प्रतिपिंडे उपचारानंतर पुरेशी उरत नाहीत.

टी पेशींची कथा आणखी निराळी आहे. त्यातल्या सीडी८, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या, पेशी उरलेल्यांपासूनच दुप्पट-चौपट होऊन बऱ्यापैकी लवकर भरतात. सीडी४, म्हणजे इतर पेशींना कामाला लावणाऱ्या मदतनीस, पेशी मात्र खऱ्या अर्थाने नव्याने घडवायच्या तर छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी लागते आणि ती वयात आल्यापासून झिजत जाते. १९९५ मध्ये क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने दाखवले की तीव्र केमोनंतर लहान मुलांच्या सीडी४ पेशी थायमसच्या जोरावर भरून येतात, वाढत्या वयाबरोबर हे भरणे मंदावते, आणि ज्यांच्या पेशी चांगल्या भरतात त्यांची थायमस स्कॅनमध्ये फुगलेली दिसते. एकाच औषधाने एकाच दिवशी काउंट खाली गेलेले सात वर्षांचे मूल आणि पन्नाशीचा गृहस्थ यांचा एएनसी एकाच आठवड्यात वर येईल, पण सीडी४ तसे बरोबरीने येणार नाहीत. एएनसीच्या कागदावर हा फरक दिसतच नाही.

याचा व्यवहारातला अर्थ त्या छोट्याशा गोळीत असतो जी रुग्ण सर्वांत आधी चुकवतात. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीपासून होणारा न्यूमोनिया टी पेशी कमी असलेल्या माणसाला गाठतो, न्यूट्रोफिल कितीही असोत. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या वॉल्टर ह्यूज यांनी १९७७ मध्ये दाखवले की को-ट्रायमॉक्साझोल नियमित दिल्यास तो टाळता येतो. म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस घ्यायची ही गोळी एएनसी उत्तम असतानाही चालू असते आणि उपचार संपल्यावरही काही महिने चालू राहते. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका काकांना लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगासाठी, फ्लुडाराबिन मिळाले होते. त्या औषधाने सीडी४ पेशी इतका दीर्घकाळ दबून राहतात की पुढे रक्त चढवायचे झाले तर तेही किरणोत्सर्ग दिलेलेच लागते, नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट घेणाऱ्याच्या शरीरात घर करू शकतात. रिटुक्सिमॅब हे औषध तर बी पेशींवरच नेम धरते आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर त्या दिसत नाहीत. हिपॅटायटिस-बीचा दबलेला विषाणू तेव्हा उठू शकतो, म्हणून ते देण्याआधी त्याची तपासणी करतात.

शेवटची जवळजवळ दोन वर्षे मेंटेनन्सची, म्हणजे आजार परतू नये म्हणून गोळ्या चालू ठेवण्याची, होती: रोज ६-मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या. इथे सगळा हिशेब उलटा होतो. एएनसी साधारण ५०० ते १,५०० यांच्या दरम्यान ठेवायचा असतो, कारण तो तेवढा दबलेला असणे हीच औषध पेशीपर्यंत पोहोचत असल्याची खूण. एकदा तो २,९०० आला तेव्हा बहीण आनंदली आणि डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला की गोळ्या रोज घेतेस ना. घेत होती, मग डोस वाढवला. काही रुग्णांत याच्या अगदी उलट घडते. नेहमीच्या डोसवरही काउंट कोसळतात, आणि त्यामागे मर्कॅप्टोप्युरिन निकामी करणाऱ्या टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ या जनुकांतला फरक असू शकतो. एनयूडीटी१५ मधला फरक आशियाई लोकांत, भारतीयांतही, अधिक आढळतो. युरोपीय लोकांत तो विरळा असल्याने त्याचे महत्त्व २०१५ च्या सुमारासच लक्षात आले.

लिम्फोसाइटच्या या हानीचा मुद्दाम उपयोग करणाराही एक उपचार आता आपल्याकडे आहे. पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये विकसित झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी काढून, त्यांना बी पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवून त्या परत सोडायच्या असतात; पण सोडण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड देऊन शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट मुद्दाम कमी करतात. जागा रिकामी झाली की टी पेशींना वाढवणारी रसायने वाटून घ्यायला कोणी उरत नाही आणि नव्या पेशी झपाट्याने वाढतात. ज्या परिणामाला आम्ही दोन वर्षे घाबरलो तोच इथे नांगरटीसारखा वापरला जातो. दुसरी बाजूही आहे: केमोच्या अनेक फेऱ्या झालेल्या रुग्णाच्या टी पेशी संख्येने कमी आणि जोमाने उण्या असतात, आणि त्यांच्यापासूनच हे औषध घडवायचे असते. भाचीला त्याची गरज पडली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तिच्या गोळ्या थांबल्या. तिसऱ्या महिन्यात एएनसी ३,४०० होता आणि एकूण लिम्फोसाइट ९००. त्या दिवशी दाजींनी गावच्या जत्रेला जायचे ठरवले होते आणि मी नको म्हणालो. त्यांना ते पटले नाही, काउंट तर उत्तम आहेत असे त्यांचे म्हणणे. को-ट्रायमॉक्साझोल जुलैमध्ये बंद झाले. ऑगस्टमध्ये प्रतिपिंडे तपासली तेव्हा हिपॅटायटिस-बीची जवळजवळ नव्हती, म्हणून त्या लसीची मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आहे, सोबत न्यूमोकोकसची आणि इन्फ्लूएंझाची लस. गोवराची लस जिवंत विषाणूची असल्याने डॉक्टरांना लिम्फोसाइटचा आणखी एक रिपोर्ट पाहायचा आहे. रक्त सोमवारी द्यायचे आहे.